मागून कोण येतंय

आमच्या बिल्डिंगमधून गाडी बाहेर काढायची तर ती उलटीच काढावी लागते. धायरीतली जुनी चार मजली इमारत, खाली जेमतेम नऊ गाड्यांचं पार्किंग, आत वळवायला जागा नाही. रात्री तोंड आत घालून गाडी लावायची आणि सकाळी मागे मागे घेत गेटमधून गल्लीत आणायची. गेटच्या डाव्या अंगाला शेजारच्या बंगल्याची उंच भिंत आहे. उजव्या अंगाला पाण्याचे जार पोचवणाऱ्याचा टेम्पो, जो मी इथे राहायला आल्यापासून एकदाही जागचा हललेला पाहिलेला नाही. समोरून वीस फुटी गल्ली जाते. मेन रोडचा सिग्नल चुकवायला निम्मं पुणं या गल्लीत शिरतं, आणि दोन्ही बाजूंनी शिरतं.

मी स्टिअरिंगवर बसते त्या जागेपासून गाडीचं शेपूट जवळजवळ तीन मीटर मागे आहे. म्हणजे मला गल्ली दिसेपर्यंत अर्धी गाडी गल्लीत पोचलेली असते. आरशात टेम्पो दिसतो, भिंत दिसते. येणारा दिसत नाही.

यावर आमच्या घरात एक उपाय होता. आप्पा. आप्पा एसटीत कंडक्टर होते, बत्तीस वर्षं, कराड आणि पाटण डेपोत. निवृत्त झाल्यावर आई आणि ते माझ्याकडे पुण्याला आले. रोज सकाळी आठ दहाला मी किल्ली उचलली की ते पायात चपला सरकवायचे, खुंटीवरची शिट्टी घ्यायचे आणि माझ्याआधी जिना उतरून गेटबाहेर उभे राहायचे. मग शिट्टी. तुटक तुटक, एका लयीत, एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लावताना ऐकू येते तशी. तिसऱ्या मजल्यावरचे काका एकदा मला म्हणाले, "तुमची स्वारगेट-पाटण सुटली की मी आंघोळीला जातो." मी हसले. मनातून मला लाज वाटायची, हे आत्ताच सांगून टाकते.

मग मी नवी गाडी घेतली. शोरूममधल्या मुलाने पंधरा मिनिटं सनरूफ दाखवण्यात घालवली आणि शेवटी घाईघाईत म्हणाला, "आणि यात रिअर क्रॉस ट्रॅफिक अलर्ट पण आहे मॅडम." मी विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, "मागून आडवं कोणी आलं तर गाडी सांगते." मला तेवढं पुरलं. सनरूफ मी आजवर चार वेळा उघडलं असेल.

मागच्या बंपरवर जी गोल बटणं दिसतात, ती ही नव्हेत. ते पार्किंग सेन्सर. १ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचे आहेत, त्यामुळे ते सगळ्यांच्या ओळखीचे. ते वटवाघळासारखं काम करतात. माणसाला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज सोडायचा आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दोन मीटरवरच्या भिंतीला शिवून यायला त्याला एका सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, थोडा जास्तच. भिंत, खांब, कुंडी यांना हे ठीक आहे. पण त्यांची नजर दोन-अडीच मीटरांत संपते. गल्लीतून ताशी ३० किलोमीटरने येणारी स्कूटर सेकंदाला सव्वाआठ मीटर पुढे येते. पार्किंग सेन्सरला ती दिसेपर्यंत ती बंपरवर पोचलेली असते.

आडव्या वाहतुकीसाठी असतात ते रडार. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लॅस्टिकच्या आत लपवलेले, तळहाताएवढे दोन डबे. बाहेरून दिसतच नाहीत. हायवेवर शेजारच्या लेनमधली गाडी दाखवणारे सेन्सर असतात ना, बहुतेक गाड्यांत तेच हे. रिव्हर्स गिअर पडला की त्यांची ड्यूटी बदलते. ते रेडिओ लहरी सोडतात, २४ किंवा ७७ गिगाहर्ट्झच्या. या लहरी बंपरच्या प्लॅस्टिकमधून काचेतून ऊन जावं तशा जातात आणि पत्र्यावर आपटून परततात. परतणारी लहर दोन गोष्टी घेऊन येते. किती लांब आहे, आणि येतंय की जातंय.

ही दुसरी गोष्ट मला फार आवडली. एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा हॉर्न चढा ऐकू येतो, पुढे गेली की त्याच क्षणी उतरतो. क्रिस्टियन डॉपलरने १८४२ मध्ये प्राग शहरात हे गणित मांडलं, तेव्हा गाड्यांना हॉर्नही नव्हते. रडार तेच करतं. ताशी ३६ किलोमीटरने सरळ आपल्याकडे येणाऱ्या गाडीवरून ७७ गिगाहर्ट्झची लहर परत येते तेव्हा सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांनी चढलेली असते. एकूण ७,७०० कोटी कंपनांत पाच हजार. त्या फरकावरून तो डबा ठरवतो की हे काहीतरी चालून येतंय. टेम्पो जागचा हलत नाही, म्हणून त्याच्याबद्दल तो बोलत नाही. मग आरशात नारिंगी दिवा लुकलुकतो, स्क्रीनवर बाण येतो, आणि टीं-टीं-टीं.

हा डबा गाडीच्या शेपटाच्या टोकाला बसलेला असतो, मी तीन मीटर आत. खरी गंमत एवढीच. मी जिथे नाही तिथे त्याला बसवलंय. आप्पा उभे राहायचे, साधारण तिथेच.

गाडी आल्यावरही आप्पा खाली येत राहिले. मी नको म्हटलं नाही. आठवडाभर गाडी टीं-टीं करायची आणि आप्पा शिट्टी वाजवायचे, आणि दोघांचं जमतंय असं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस जमलं नाही. आप्पा गल्लीत उभे होते, तोंड माझ्याकडे, शिट्टी चालू, हाताने ये ये. मी येत होते. तेवढ्यात डावा आरसा पेटला आणि गाडी ओरडायला लागली. आप्पा म्हणत होते ये. गाडी म्हणत होती थांब. माझा पाय ब्रेकवर गेला. आप्पांनी शिट्टी तोंडातून काढली आणि वैतागून हात उडवला, का थांबलीस? त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून एक इलेक्ट्रिक स्कूटर इतकी जवळून गेली की त्यांच्या शर्टाची बाही हलली. आप्पांनी वळून पाहिलं ते ती गेल्यावर.

त्यांना ती ऐकूच आली नव्हती. इलेक्ट्रिक स्कूटरला आवाज नसतो हे खरं. पण आप्पांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं हेही खरं, आणि ते आम्ही तिघं दोन वर्षं एकमेकांपासून लपवत होतो. घरातला टीव्ही मोठा लागायचा. आई प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची. कोणी काही म्हणायचं नाही.

संध्याकाळी मी घरी आले तर शिट्टी खुंटीला होती आणि आप्पा पेपर वाचत होते. आईने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "म्हणले, तिच्या गाडीला आता कंडक्टर लागत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ते खाली आले नाहीत. मी आग्रह केला नाही. कानाचा विषय काढला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं तर म्हटलं, आता ऑटोमॅटिक आहे.

यापुढचं मी थोडं भराभर सांगणार आहे, कारण त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या आधी एका मल्टिप्लेक्सच्या तळघरात मी गाडीचा मागचा डावा कोपरा खांबाला घासला. बंपर चेपला आणि तडकला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने बंपर बदलायला सांगितला, आकडा पाच आकडी होता. ओळखीच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने चार हजारांत करून दिला. बंपर तापवून बाहेर ओढला, लांबी भरली, घासली, रंगाचे हात मारले. रंग इतका हुबेहूब मिळाला की मी त्याला वर दोनशे रुपये दिले.

त्यानंतर गल्ली शांत झाली. आज मागे वळून पाहताना कळतं की त्या तीन आठवड्यांत डावा आरसा एकदाही पेटला नव्हता. टीं-टीं व्हायची ती उजवीकडूनच. तेव्हा मला वाटलं, रस्ता खोदलाय पलीकडे, म्हणून त्या बाजूने कोणी येत नसेल. आवाज आला नाही याबद्दल माणूस कशाला विचार करेल?

गुरुवारची सकाळ होती. मी मागे घेत होते, कॅमेरा बघत होते, उजवा आरसा बघत होते. गाडी गप्प होती. मग प्लॅस्टिकवर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. फार मोठा नाही. डावीकडून शाळेचा युनिफॉर्म घातलेला मुलगा सायकलवर येत होता, तो बंपरच्या कोपऱ्याला लागून उडाला होता. तेरा-चौदा वर्षांचा असेल. तो उठून बसला आणि आधी दप्तर बघितलं, मग हात. मनगट जसं असतं तसं नव्हतं.

त्याची आई कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात काम करते. ती हाताला पीठ असतानाच धावत आली. मी तिला काय म्हणाले ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हणाले, "अहो, गाडी काही बोललीच नाही."

ती म्हणाली, "कोण बोललं नाही?"

आप्पा तोवर खाली आले होते. त्यांनी मुलाला उचलून मागच्या सीटवर बसवलं, त्याच्या हाताखाली स्वतःचा टॉवेल घडी करून ठेवला आणि त्याच्या आईला शेजारी बसवलं. मी सॉरी म्हणायच्या आधी गाडीचं नाव घेतलं हे त्यांनी ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत.

एक्स-रे, प्लॅस्टर, सहा आठवडे. खर्च मी केला. तिने तक्रार केली नाही. का केली नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा गाडीचं मॅन्युअल उघडलं. त्यात सगळं लिहिलेलं होतं. बंपरच्या कोपऱ्यांवर स्टिकर लावू नका. चिखल साचू देऊ नका. बंपरला मार लागल्यास सेन्सरचा कोन तपासून घ्या. सेन्सरच्या भागात दुरुस्ती किंवा पुन्हा रंगकाम करू नका. शेजारी उंच वाहन किंवा भिंत असल्यास इशारा उशिरा मिळेल किंवा मिळणार नाही. सायकल, पादचारी ओळखले जातीलच असं नाही. हे वाचायला मला साडेचार मिनिटं लागली.

झोप येईना, मग मी वाचतच राहिले. १९०४ मध्ये क्रिस्टियान हुल्समायर नावाच्या तरुण जर्मन संशोधकाने कोलोन शहरात ऱ्हाइन नदीच्या पुलावर एक यंत्र लावून दाखवलं होतं. ते रेडिओ लहरी सोडायचं, आणि लहर एखाद्या जहाजावर आपटून परतली की त्यातली घंटा वाजायची. धुक्यात जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. अंतर त्याला मोजता येत नव्हतं. नुसती घंटा. माझ्या बंपरमधल्या डब्याचा हा आजोबा. कोणी ते विकत घेतलं नाही.

अमेरिकेत रिव्हर्स कॅमेरा सक्तीचा करणारा कायदा आहे, त्याला एका दोन वर्षांच्या मुलाचं नाव दिलंय. कॅमेरॉन गुलब्रान्सेन. २००२ मध्ये घराच्या दारात गाडी मागे घेताना तो तिच्याखाली आला. गाडी त्याच्या वडिलांची होती आणि तेच चालवत होते. कायदा झाला २००८ मध्ये, प्रत्येक नव्या गाडीत कॅमेरा सक्तीचा व्हायला २०१८ उजाडलं. मी तो मजकूर दोनदा वाचला आणि फोन उलटा ठेवला. मग परत उचलला. तिथल्याच विमा कंपन्यांच्या एका संस्थेने मोजलंय की आडव्या वाहतुकीचा इशारा देणाऱ्या गाड्यांचे मागे घेतानाचे अपघात सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. शंभरातले बावीस टळतात हे थोडं नाही. मी उरलेल्या अठ्ठ्याहत्तरांतली.

सर्व्हिस सेंटरवर गाडी नेली. त्यांनी बंपर उतरवला. डाव्या रडारची पट्टी वाकलेली होती, डबा जिकडे बघायला हवा त्यापेक्षा खाली बघत होता. त्याच्या समोरच लांबीचा जाड थर. टेक्निशियन म्हणाला, पूर्ण बंद पडला असता तर गाडीने स्क्रीनवर मेसेज दिला असता. हा बंद नव्हता, चालू होता. त्याला काही दिसत नव्हतं, एवढंच. मी विचारलं, "नीट असता तर तो मुलगा दिसला असता का?" तो जरा वेळ लॅपटॉपकडे बघत राहिला. "सायकल होती ना मॅडम? सांगता येत नाही."

मला ठाम उत्तर हवं होतं. कुठलंही चाललं असतं.

घरी आल्यावर हे सगळं मी आप्पांना सांगितलं. उजव्या बाजूला बसून, मोठ्याने. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे रस्ता मोकळा असला तरी ते गप, आन् ते आंधळं झालं तरी गप?"

"हो."

"मग तुला कळायचं कसं?"

मी काही बोलले नाही. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. कोयनेच्या बाजूला एका गावात त्यांची मुक्कामी गाडी असायची. पावसाळ्यात पहाटे साडेपाचला, अंधारात, गाडी मागे घेऊन वळवावी लागायची. मागे ओढा. आप्पा मागे उभे राहून शिट्टी वाजवत होते आणि चिखलात पाय सटकला. पाठीवर पडले, ऐन चाकाच्या वाटेत. तोंडातली शिट्टी कुठे गेली कळलं नाही. ओरडायला गेले तर आवाज फुटेना.

"मग?"

"मग काय. गाडी जाग्याव थांबली."

"ड्रायव्हरला दिसलं?"

"आगं अंधारात काय दिसतंय? शिट्टी बंद झाली न्हवं. शिट्टी वाजतीया तवर गाडी मागं. शिट्टी गप झाली की गाडी थांबली. कंडक्टर मेला तरी गाडी थांबली पायजे." त्यांनी हाताने चाक आणि स्वतःमधलं अंतर दाखवलं. वीतभर.

एवढी वर्षं ती शिट्टी ऐकताना मला वाटायचं की ती मला ये म्हणतेय. ती थांबल्यावर थांबायचं हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, तरी मी थांबायचे. रेल्वेच्या ब्रेकचं असंच असतं म्हणे, डब्यांतून जाणारी हवेची नळी तुटली तर ब्रेक आपोआप लागतात. माझ्या गाडीचं उलटं आहे. तिच्यात गप्प म्हणजे ये. गाडी बनवणाऱ्यांचंही बरोबर असेल. गल्ली मोकळी आहे, मोकळी आहे असं गाडी दर वेळी सांगत बसली तर मीच पहिल्या आठवड्यात तो आवाज बंद केला असता. शिट्टीचा मला कंटाळा आला होताच की.

मी त्याच दमात विचारलं, "आप्पा, कानाला दाखवायचं का?" ते म्हणाले, "बघू." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघू नाही, सोमवारी." ती सगळं ऐकत होती.

बंपर नवीन बसवला. डावा आरसा परत पेटायला लागला, कधी कधी नको तेव्हाही. मुलाचं प्लॅस्टर निघालं. तो आता आमच्या गेटपाशी आला की सायकलवरून उतरतो आणि चालत पुढे जातो. हे मी गॅलरीतून पाहते. त्याच्या आईकडून मी आठवड्यातून दोनदा पोळ्या घेते, ती पैसे मोजून घेते आणि सुटे परत देते.

सकाळी मागे घेणं मी बंदच केलंय. रात्री साडेनऊनंतर गल्ली ओस पडते, तेव्हा गाडी उलटी आत घालते आणि सकाळी तोंडाने बाहेर काढते. गेट अरुंद आहे, मला हे आधी जमत नव्हतं. तीन-चारदा आरसा घासला. आता आप्पा खाली येतात. कानात मशीन आहे, त्याबद्दल त्यांची रोज एक तक्रार असते. तोंड माझ्याकडे न करता गल्लीकडे करून उभे राहतात आणि एक हात मागे, गाडीवर. पहिल्या रात्री त्यांनी शिट्टी वाजवली तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मेसेज आले, दुसरा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. म्हणून आता ते पत्र्यावर तळहाताने थापटतात. ठप, ठप, ठप. गाडी तिचं टीं-टीं करत असते. मी काचा खाली घेते, पंखा बंद करते आणि ठप ठप ऐकत मागे जाते. मध्येच ते थांबतात. मी थांबते. कधी कुत्रं असतं, कधी कोणी चालत जात असतं, कधी त्यांना नुसती शिंक आलेली असते.